कोंगा शिकायचाय, पण शिकवणारं जवळपास कुणी नाही

प्रश्न : नमस्कार ताई, मी २६ वर्षांची आहे. मागच्या वर्षी एकांकडून जुना कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच क्युबन ड्रम, विकत घेतला, एकच, जोडी नाही. आमच्याकडे कोंगा शिकवणारं कुणीही नाही, अगदी चौकशी करकरून दमले. मग ऑनलाइन व्हिडिओ बघून शिकतेय, पण पाच जण स्लॅप (तो कोरडा, फटक्यासारखा ठोका) पाच प्रकारे दाखवतात, कुणाचं खरं मानायचं तेच कळत नाही. बरेचसे पॅटर्न पाठ झालेत, पण रेकॉर्डिंगमध्ये ऐकते तसा आवाज माझ्या हातातून येतच नाही. स्लॅप तर नाहीच. जोर लावला की तळवे सुजतात. लहानपणी थोडा तबला शिकले होते, त्याचा फायदा होईल असं वाटलं होतं पण कधीकधी उलटंच वाटतं. शिक्षक मिळेपर्यंत थांबू का? का दुसरा ड्रम घेऊ, म्हणजे नीट शिकता येईल? का हे असं एकटीने होणारच नाही?
— एकच कोंगावाली

उत्तर : अगं, थांबू अजिबात नकोस, आणि दुसरा ड्रमही लगेच घेऊ नकोस. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर अडकले, "बरेचसे पॅटर्न पाठ झालेत पण आवाज येत नाही". सगळी गोष्ट तिथेच आहे बघ. पॅटर्न काय, हवे तेवढे मिळतात, कागदावर मिळतात, व्हिडिओत मिळतात, माहितीचा तुटवडा तुला नाहीच आहे. तुझ्याकडे नाहीये तो दुसरा कान. समोर बसून "हा ओपन, मोकळा ठोका नव्हता, बोटं कातड्यावर राहिली, परत वाजव" असं म्हणणारं कुणीतरी. शिक्षक करतो ते मुख्य काम हेच, आणि ते काम बऱ्यापैकी दुसऱ्या मार्गांनी भागवता येतं. पूर्ण नाही भागत, हे आधीच सांगते. पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं नक्की निघतात.

आधी ते पाच स्लॅपचं. पाचही जण बरोबर असू शकतात, खरंच. प्रत्येकाचा हात वेगळा, कुणाचा पंजा जाड मांसल, कुणाचा हाडकुळा, कुणाच्या ड्रमवर खरं कातडं, कुणाच्या सिंथेटिक, आणि परंपराही एक नाही. क्युबात रुंबा या ड्रम-गाण्याच्या लोकसंगीताचा ग्वाग्वांको हा प्रकार हवाना शहरात वाजतो तसाच्या तसा मातान्सास शहरात वाजत नाही, पॅटर्नची मांडणीच वेगळी, आणि दोन्हीकडचे लोक ओरिजिनलच आहेत. त्यामुळे खरं कोण हा प्रश्न सोड. ज्याचा आवाज तुला सगळ्यात आवडतो आणि ज्याच्या व्हिडिओत हात जवळून, वरून आणि बाजूने दिसतो असा एकच माणूस निवड आणि किमान सहा महिने फक्त त्याचंच बघ, बाकीचे चार जण बंद. रोज नवीन माणूस नवीन टेक्निक सांगतोय आणि हाताला काहीच मुरायला वेळ मिळत नाहीये, असं तुझं झालंय असा माझा अंदाज आहे.

आता आवाज. पुढचे काही महिने पॅटर्न बाजूला ठेव, फक्त ओपन, बेस आणि स्लॅप हे तीन मूळ आवाज.

ओपन टोनला चारही बोटं जुळलेली, अंगठा वर आणि बाजूला (तो रिमवर आपटला तर आठवडाभर लक्षात राहतो), आणि बोटांच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो बरोब्बर ड्रमच्या काठावर यायला हवा. बोटं सपाट पडतात आणि लगेच उठतात, तू उचलायची नाहीस, कातडं उडवतं त्यांना, तू फक्त अडवायचं नाहीस. मनगट आणि बोटं एका रेषेत. आवाज गोल, लांब, सुरेल यायला पाहिजे. बेस म्हणजे मधोमध पूर्ण तळवा, हाताचं वजन सोडून द्यायचं आणि परत वर. इथे एक गोष्ट तपास, तुझा ड्रम जमिनीला चिकटून उभा आहे का? तसं असेल तर खालचं तोंड बंद होतं आणि बेस येतच नाही, तू कितीही मार. बसून वाजवत असशील तर मांड्यांमध्ये धरून थोडा तिरका कर म्हणजे खालून हवा मोकळी होईल, नाहीतर स्टँडवर थोडा उंच ठेव. पुष्कळांचं "मला बेस जमत नाही" हे एवढ्यानेच सुटतं.

आणि स्लॅप. सगळेजण स्लॅपला ताकद लावतात कारण ऐकायला तो चाबकासारखा असतो, आणि नेमकी ताकद लावली की तो मरतो. जोर लावला की बोटं ताठ होतात, ताठ बोटं सपाट पडतात, मग तो नुसता मोठा आणि वाईट ओपन होतो आणि तळवा सुजतो तो वेगळाच. स्लॅपमध्ये पंजाला किंचित पोकळी असते, जसं ओंजळीत थोडंसं पाणी धरलंय, फार नाही. हाताची कड रिमवर पोचते आणि सैल बोटांची टोकं तिच्या मागोमाग कातड्यावर फटकन पडतात. फटका बोटांच्या टोकांचा असतो, हाताचा नाही. एक करून बघ. डावा हात कातड्यावर नुसता ठेव, म्हणजे ड्रम दबेल, आणि उजव्या हाताने अगदी हळू, कुजबुजल्यासारखा स्लॅप वाजव. मोठा आवाज नकोच, फक्त "टक्" असा कोरडा आणि उंच आवाज शोध. जागा एखाद सेंटिमीटर पुढे-मागे करत राहा, पंजा थोडा तिरका करून बघ. कधीतरी एकदा तो लागेल आणि तुला तोंडावर हसू येईल. मग परत हरवेल. तसाच येतो तो, दहात एकदा, मग दहात तीनदा, मग हळूहळू. त्याला महिने लागतात, काहींना वर्ष लागतं, शिक्षक असला तरी लागतं, त्यामुळे हे तुझ्या एकटेपणाचं अपयश समजू नकोस. हळू आवाजात स्वच्छ यायला लागला की मोठा आपोआप होतो, उलट्या बाजूने गेलं तर कधीच होत नाही.

तबल्याचं तू म्हणतेस ते मला पटतं. फायदा आहे, लय अंगात आहे, हात स्वतंत्र चालतात, बोल तोंडाने म्हणायची सवय आहे, ती तर सोडूच नकोस, कोंगाचंही आधी तोंडाने म्हण आणि मग वाजव. पण तबल्यात काम बोटांचं आहे आणि इथे खांद्यापासून हाताचं वजन खाली यायचंय, त्यामुळे तर्जनी एकटीच पुढे धावत असेल तर तिला बाकीच्या बोटांबरोबर बसव. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. समेवर वजन द्यायची तुझी सवय इथे आड येते. कोंगाचा मूळ पॅटर्न टुंबाओ तुला येतच असेल पण तरी लिहिते, चार मात्रा "१ आणि २ आणि..." अशा मोज, १ ला डाव्याचा तळ (तळहाताचा मनगटाजवळचा भाग), "आणि" ला डाव्याची बोटं, २ ला उजव्याचा स्लॅप, आणि ला डाव्याची बोटं, ३ ला डाव्याचा तळ, आणि ला डाव्याची बोटं, ४ ला उजव्याचा ओपन, आणि ला परत उजव्याचा ओपन. आठ ठोक्यांत ठळक ऐकू येणारे तीनच, २ चा स्लॅप आणि शेवटचे दोन ओपन. १ वर काय आहे? जवळजवळ काही नाही, डाव्याचा मऊ तळ. वजन शेवटाला आहे आणि ते पुढच्या १ कडे ढकलतं. तू नकळत १ जोरात वाजवत असशील तर पॅटर्न बरोबर असूनही तो डोलणार नाही, आणि "ऐकते तसा येत नाही" यातलं निम्मं हेच असण्याची दाट शक्यता आहे. पायाने चारही मात्रा धर, डावा हात सी-सॉसारखा तळ-बोटं तळ-बोटं हलू दे आणि तो इतका हळू ठेव की खोलीच्या दारापाशी ऐकू येऊ नये.

त्याच्या बरोबरीने क्लावे, म्हणजे या संगीताचा आधार असलेला पाच ठोक्यांचा साचा. ही लय कळल्याशिवाय या संगीतात कुठे उभं राहायचं तेच कळत नाही. दोन बारचे (बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन) सोळा भाग कर, १, ४, ७, ११, १३ वर टाळी दे, ही सोन क्लावे (सोन हा क्युबाचा एक गाण्या-नाचाचा प्रकार), तीन ठोके पहिल्या बारमध्ये आणि दोन दुसऱ्यात. रुंबा क्लावेला तिसरा ठोका ७ ऐवजी ८ वर सरकतो, बास एवढाच फरक पण चव पूर्ण बदलते. काही गाण्यांत दोनचा बार आधी येतो, तेही ऐकून ओळखायला शीक. रोजच्या कामात टाळी देत राहा, चालताना पाय मात्रेवर आणि टाळी क्लावेवर. मग क्लावे रेकॉर्ड करून लूपवर लाव आणि त्यावर टुंबाओ वाजव, मिनिटाला ६०-७० मात्रांच्या वर जाऊ नकोस सुरुवातीला. नंतर लूप बंद कर आणि क्लावे तोंडाने म्हणत वाजव. हे अवघड आहे, हात बंद पडतात, पण ज्या दिवशी जमेल त्या दिवसापासून तुला गाणी वेगळी ऐकू यायला लागतील.

आता दुसरा कान कुठून आणायचा. पहिला तुझा फोन. ड्रमच्या अगदी जवळ ठेवला तर आवाज फाटतो, दीडेक मीटर लांब ठेव. आठ ओपन टोन वाजव, उजवा-डावा आलटून पालटून, रेकॉर्ड कर आणि लगेच नको, दुसऱ्या दिवशी डोळे मिटून ऐक. कुठला हात कुठला हे ओळखू येतंय का? येत असेल तर डाव्यावर काम बाकी आहे. वाजवताना आपल्याला हाताला जे जाणवतं तेच कानाला ऐकू आलं असं वाटतं, म्हणून दुसरा दिवस. आठवड्यातून एकदा व्हिडिओही काढ, कॅमेरा कातड्याच्या उंचीवर बाजूला, म्हणजे दोन्ही हात किती उंच उठतात ते दिसेल, बहुतेक वेळा एक जास्त उठत असतो. हे सगळं तारखेने साठवून ठेव आणि तीन महिन्यांनी पहिलं लाव.

दुसरा कान घरातलं कुणीही, संगीत न येणारं असलं तर जास्त चांगलं. त्यांना तुझ्याकडे पाठ करून बसव, तू ओपन, स्लॅप, बेस कुठल्याही क्रमाने वाजव आणि विचार किती वेगवेगळे आवाज ऐकू आले. तीन म्हणाले तर तुझे आवाज वेगळे झालेत. दोनच म्हणाले तर स्लॅप अजून ओपनच आहे, मग तुला काहीही वाटो.

तिसरा, आसपास जेम्बे वाजवणारं कुणी मिळतंय का बघ. वाद्य पश्चिम आफ्रिकेचं, कातडं पातळ, हात थोडा वेगळा, पण बेस, टोन (म्हणजे आपला ओपन) आणि स्लॅप हे तीन आवाज तेच, आणि त्यांना सैल हात म्हणजे काय ते प्रत्यक्ष दाखवता येतं. कोंगाचे पॅटर्न नाही शिकवू शकणार, नकोच आहेत आत्ता. ड्रमसेटवाले टाइम धरायला मदत करतील.

चौथा, ऑनलाइन शिक्षक, दर आठवड्याला परवडत नसेल तर दोन महिन्यांतून एकदाही चालेल, पण तयारीने जा. कॉलवर आवाज उशिरा पोचतो त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं होत नाही, तो हट्ट धरू नकोस, आलटून पालटून वाजवा. क्लिप आधीच पाठव, तासाचा वेळ त्यात जायला नको. कॉलिंग अ‍ॅपमधलं नॉइज सप्रेशन बंद कर, नाहीतर ते तुझ्या ड्रमलाच गोंगाट समजून कापून टाकतं आणि बिचाऱ्या शिक्षकाला अर्धेच ठोके ऐकू येतात. आणि नवीन पॅटर्न मागू नकोस त्याच्याकडे! "माझ्या हातात चुकतंय काय" एवढंच विचार. नोंद करून ठेव आणि पुढचे दोन महिने त्यावरच बस.

हातांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. तळवे थोडे लाल होणं, उष्ण होणं ठीक. सूज, सांध्यात दुखणं, बोटं सुन्न होणं ठीक नाही, त्या दिवशी थांबायचं, "सहन करून हात कडक होतो" वगैरे सांगणाऱ्यांचं ऐकायचं नाही. अंगठ्या काढून ठेव. थंड हातांनी स्लॅप मारू नकोस, पाच मिनिटं हळू तळ-बोटं, मग ओपन, मग बाकीचं. सलग दीड तासापेक्षा वीस-वीस मिनिटं दोनदा बरं. आणि ही गोष्ट फार कमी लोक सांगतात म्हणून मुद्दाम लिहिते, खूप वेळ खूप जोरात वाजवलं तर तळहातात तांबड्या रक्तपेशी फुटून लघवी लालसर किंवा तपकिरी होऊ शकते, कोंगा वाजवणाऱ्यांमध्ये डॉक्टरांनी हे नोंदवलेलं आहे. असं काही दिसलं तर वाजवणं बंद आणि सरळ डॉक्टरकडे, ड्रम वाजवते हे त्यांना आवर्जून सांग.

आवाजाचा त्रास बाकीच्यांना होत असेल तर ड्रमवर जाडसर टॉवेल टाकून टुंबाओचा हात बसवता येतो. ओपन आणि स्लॅप मात्र टॉवेलवर शिकता येत नाहीत, कातडं उलट काय बोलतंय तेच कळत नाही, त्यासाठी दिवसातला एक मोकळा तुकडा लागेलच. लाकडी खोक्यावर वाजवायलाही हरकत नाही, आणि ते दुय्यम समजू नकोस हं, रुंबा मुळात खोक्यांवर वाजलाय. मेणबत्त्यांची, खारवलेल्या माशांची रिकामी खोकी होती ती, आणि आजही यांबू हा रुंबाचा संथ प्रकार काहोनवर, म्हणजे अशाच खोक्यावर, वाजवतात.

ऐकणं तुझं चालूच असेल, पण ऐकताना एकाच माणसाकडे लक्ष देऊन ऐक. मातान्सासचा १९५२ पासूनचा मुन्येकितोस हा ग्रुप घे, फक्त गाणारे गळे आणि तालवाद्यं, तिथे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. कोंगावादकांपैकी मोंगो सांतामारिया घे. ताता गुईनेस घे, तो नखांनीसुद्धा वाजवायचा. प्लेअरचा स्पीड अर्धा कर, सूर तोच राहतो, आणि एका गाण्यातल्या कोंगाचे आठ बार तोंडाने म्हणता येईपर्यंत हात लावू नकोस. एक गाणं महिनाभर चाललं तरी चालेल. आणि शक्य तितक्या लवकर कुणाबरोबर तरी वाजव, गिटार असो, गाणारं कुणी असो. तिथे तुझं काम एकच, न हलता टुंबाओ धरून ठेवणं. सोलोची घाई नको. रुंबामध्येसुद्धा दोन ड्रम तळ धरतात तेव्हा कुठे क्विंटो, म्हणजे सगळ्यात लहान, वरच्या सुराचा ड्रम, मोकळा बोलतो.

आता दुसऱ्या ड्रमचं. एक ड्रम म्हणजे अपुरं असं तुला व्हिडिओ बघून वाटतंय, तिथे प्रत्येकाच्या समोर तीन-तीन मांडलेले असतात. पण रुंबात तीन ड्रम तीन माणसं वाजवत होती, प्रत्येकाकडे एक. १९४० च्या सुमाराला क्युबाच्या आर्सेनिओ रोद्रिगेस या बँडप्रमुखाने सोनच्या बँडमध्ये कोंगा आणला तोही एकच, १९४७ मध्ये क्युबन कोंगावादक चानो पोसो अमेरिकन ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या जॅझ बँडबरोबर वाजवायला लागला तेव्हाही कोंगा हा बहुधा एका माणसाचा एक ड्रम असंच होतं. एका माणसाने दोन-तीन वेगवेगळ्या सुरात लावून वाजवणं हे कांदिदो कामेरोसारख्या कोंगावादकांनी पुढे रुळवलं. तर तुझ्यापाशी जे आहे ते पूर्ण वाद्य आहे, त्याला नीट सांभाळ. कातडं खरं असेल तर वाजवून झाल्यावर नट थोडे सैल करत जा, हवेप्रमाणे ते ताणतं आणि रात्रीतून फाटूही शकतं. लावताना एकच नट पिळू नकोस, सगळे थोडे थोडे, पाव फेरा, काठाशी प्रत्येक नटाजवळ टिचकी मारून सूर सारखा आहे का ते ऐकत. जुना ड्रम आहे तर नटांच्या आट्यांना ग्रीस लाव, आणि शेलला, म्हणजे ड्रमच्या अंगाला, कुठे भेग आहे का, रिमची धार वर येऊन बोटाला लागते का तेही बघ, कदाचित तुझी सूज त्यानेही असेल.

दुसरा घ्यायचा तो दोन्ही हातांचा ओपन सारखा यायला लागेल आणि क्लावे म्हणत टुंबाओ पाच मिनिटं न अडखळता चालेल तेव्हा. आधी मोजपट्टी लावून तुझा कुठला आहे ते बघ, तोंडाचा व्यास साधारण ११ इंच असेल तर क्विंटो, पावणेबाराच्या आसपास असेल तर मधला कोंगा, साडेबारा असेल तर टुंबा (मोठा, खालच्या सुराचा), कंपनीगणिक थोडं इकडे-तिकडे. मधला असेल तर पुढचा टुंबा घे, क्विंटो नको, कारण टुंबाओत खालचा सूरच जास्त उपयोगी पडतो. कोंगाचा ओपन सा धरलास तर टुंबा खालच्या प वर लाव, तबल्याच्या सवयीने ते तुझ्या कानाला पटकन सापडेल.